वही काकांच्या कपाटात, अभंग कोणाचे?

मागील अंकात वाटणीपत्र आणि मृत्युपत्र यांविषयी लिहिल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी अनेक पत्रे घर-जमिनीची नव्हती. कोणी आजोबांच्या वह्यांविषयी विचारले, कोणी चादरीच्या नक्षीविषयी, तर कोणी मुलीच्या लग्नातील छायाचित्रांविषयी. घराचा मालक कोण हे ठरवायचे झाले, तर आपण खरेदीखत पाहतो, मिळकत पत्रिकेचा उतारा काढतो, जुन्या फेरफाराच्या नोंदी तपासतो. कवितेचा किंवा चित्राचा मालक कोण, असा प्रश्न आला की मात्र ज्याच्या हाती कागद त्याचीच मालकी, असे आपण विचार न करता धरून चालतो. या पत्रांतील बहुतेक वाद त्याच समजुतीतून उभे राहिलेले आहेत, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. कॉपीराइटसाठी मराठीत प्रताधिकार हा शब्द रूढ आहे आणि पुढे तोच वापरला आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा सोलापुरात गिरणीत जॉबर होते आणि आयुष्यभर अभंग लिहीत होते. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. आजी २००३ मध्ये वारली, माझे वडील २०१५ मध्ये गेले. घराच्या वाटणीच्या वेळी आजोबांची लोखंडी पेटी 'आतील कागदपत्रांसह' काकांच्या वाट्याला गेली आणि तसे वाटणीपत्रात लिहिलेले आहे. त्या पेटीत अभंगांच्या अकरा वह्या होत्या. आता चुलतभाऊ त्यांचे पुस्तक काढत आहेत आणि वह्या आमच्या असल्याने हक्कही आमचाच, असे म्हणत आहेत. आत्याला आणि आम्हाला काहीच अधिकार नाही का? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : आपल्याला अधिकार आहे आणि आपल्या आत्यालाही आहे. तो कसा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा पेट्या सोलापुरातील अनेक घरांत आहेत.

वही ही एक वस्तू आहे. पुठ्ठा, कागद, शाई यांची मिळून झालेली ती जंगम मालमत्ता आहे आणि वाटणीपत्राने ती आपल्या काकांची झाली, याविषयी वाद नाही. त्या वहीत लिहिलेल्या अभंगांचा प्रताधिकार ही मात्र दुसरीच मालमत्ता आहे. अभंग छापणे, त्यांच्या प्रती काढणे, ते लोकांसमोर म्हणणे, त्यांचे ध्वनिमुद्रण किंवा भाषांतर करणे हे सर्व अधिकार त्या मालमत्तेत येतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे लेखन करणारा हा त्याचा पहिला मालक असतो आणि त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. अभंग कागदावर उतरला त्या क्षणी आजोबा त्याचे मालक झाले. एखाद्याने आपल्याला पत्र पाठवले, तर पत्राचा कागद आपला होतो, पण त्यातील मजकूर छापण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. वहीचेही तसेच आहे.

मग हा अधिकार वहीबरोबर काकांकडे गेला का? कायद्यात एका प्रसंगी तसे होते. कलम २० सांगते की, लेखकाने मृत्युपत्राने एखाद्याला हस्तलिखित दिले असेल आणि ते लेखन त्याच्या हयातीत प्रकाशित झालेले नसेल, तर मृत्युपत्रात वेगळा हेतू दिसत नसल्यास हस्तलिखिताबरोबर प्रताधिकारही दिला असे मानावे. आपल्या चुलतभावांना कोणी तरी हेच कलम सांगितले असावे. परंतु आजोबांनी मृत्युपत्र केलेले नाही. वाटणीपत्र हा वारसांनी आपापसांत केलेला दस्त आहे आणि हे कलम त्याला लागू होत नाही. हयात मालकाने प्रताधिकार दुसऱ्याला द्यायचा असेल, तर कलम १९ प्रमाणे तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो आणि त्या लेखात कोणते लेखन, कोणते अधिकार हे स्पष्ट असावे लागते. 'पेटी आतील कागदपत्रांसह' या तीन शब्दांत अभंगांचा उल्लेख नाही आणि ते छापण्याच्या अधिकाराचाही नाही. तेवढ्यावरून आपल्या वडिलांनी आणि आत्याने आपला हिस्सा सोडून दिला, असे म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आता साध्या वारसाहक्काकडे यावे लागते. अभंग ही आजोबांची स्वतःची निर्मिती, म्हणजे त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे ती १९९४ मध्ये आजी, दोन मुलगे आणि मुलगी अशा चौघांकडे समान हिश्शाने आली. पुढे आजीचा चौथा हिस्सा तिच्या तीन मुलांमध्ये वाटला गेला. म्हणजे आज एक तृतीयांश काकांचा, एक तृतीयांश आत्याचा आणि एक तृतीयांश आपल्या वडिलांच्या वारसांचा. '२००५ च्या दुरुस्तीपूर्वी मुलीला हिस्सा नव्हता' हा मुद्दा येथे कोणी काढला, तर तो ऐकून घेऊ नये. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीविषयी आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. आपल्याकडे बहिणींना घराच्या वाटणीत सह्यांपुरते बोलावतात आणि अशा गोष्टींत तर बोलावतही नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आत्याचे नाव प्रत्येक कागदात यावे, असा माझा आग्रह राहील. हिस्सेदारांपैकी एकाने इतरांच्या संमतीशिवाय प्रकाशकाला अधिकार देऊ नये, हाच आपल्याकडील न्यायालयांचा कल राहिलेला आहे.

आता मुदतीविषयी. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचा प्रताधिकार त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो आणि ही वर्षे निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. आजोबा १९९४ मध्ये गेले, तेव्हा अशा अभंगांवर ३१ डिसेंबर २०५४ पर्यंत वारसांचा अधिकार राहील. हयातीत प्रकाशित न झालेल्या लेखनासाठी कलम २४ आहे. त्याची साठ वर्षे पुस्तक पहिल्यांदा प्रकाशित होईल त्याच्या पुढील वर्षापासून सुरू होतात. आपण लिहिले आहे की, आजोबा दर एकादशीला भजनी मंडळात स्वतःचे अभंग म्हणत. ही आठवण कौतुकाची तर आहेच, पण कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे, कारण याच कलमात लोकांसमोर सादर केलेले लेखन प्रकाशित झाल्याप्रमाणे धरले आहे. मंडळात म्हटलेल्या अभंगांची मुदत त्यामुळे २०५४ मध्ये संपेल, तर वहीतच राहिलेल्यांची कितीतरी पुढे जाईल. मंडळातील वयस्क टाळकरी हयात असतील, तोवर कोणते अभंग म्हटले जात, याची यादी त्यांच्याकडून करून घ्यावी.

आपण पाठवलेल्या छायाप्रती मी नीट पाहिल्या. एका पानाच्या कोपऱ्यात 'रात्रपाळी' असा शेरा आहे, खाली दोन चरण खोडून पुन्हा लिहिले आहेत, आणि तिसऱ्या वेळी जुळलेल्या शेवटच्या चरणात आजोबांनी स्वतःची नाममुद्रा घातली आहे. ही खोडाखोड जपून ठेवावी. अभंग कोणी रचला याचा इतका बोलका पुरावा सहसा मिळत नाही. पुस्तकात ही नाममुद्रा बदलली गेली किंवा मुखपृष्ठावर दुसऱ्याचे नाव आले, तर कलम ५७ प्रमाणे तो लेखकाच्या विशेष हक्काचा भंग ठरतो आणि त्याविरुद्ध वारसांना दाद मागता येते. पैशाचा हिस्सा कोणी सोडला, तरीही हा हक्क राहतो.

पुस्तक अडवू नये, असे मात्र मला मनापासून वाटते. अकरा वह्या तीस वर्षे सांभाळल्या, हे काकांचे ऋण आहे. तिन्ही शाखांनी मिळून एक लेखी करार करावा, त्यात संपादक म्हणून चुलतभावांचे नाव आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला मान्य करावा, मानधनाचे तीन भाग ठरवावेत आणि प्रकाशकाशी होणाऱ्या करारावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. त्यापूर्वी सर्व वह्या स्कॅन करून प्रत्येक घरी एक प्रत ठेवावी.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे चादरी आणि टॉवेलच्या नक्षी काढून देतो. पूर्वी ग्राफच्या कागदावर काढत असे, आता संगणकावर काढतो. नगाप्रमाणे पैसे घेतो. मी एका कारखानदाराला दिलेली मोराची नक्षी दुसऱ्याने हुबेहूब उचलली आणि त्याचा माल बाजारात आला. कारखानदार म्हणतो, नक्षी माझी. मी म्हणतो, हात माझा. प्रताधिकार कोणाचा? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले, कारण सोलापुरी चादरीचे नाव घेणाऱ्यांना मागावरचा माणूस आठवतो, पण चौकटी भरणारा आठवत नाही. ग्राफवरील एकेक चौकट म्हणजे उभा धागा वर उचलायचा की खाली ठेवायचा, याचा हुकूम. त्याप्रमाणे कार्डाला भोक पडते आणि त्याप्रमाणे जेकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे यंत्र, चालते. एक चौकट चुकली, तर मोराच्या पिसाऱ्यातली ती चूक प्रत्येक चादरीत येते. या कामाला कलाकृती म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

कायदाही कागदावरच्या चित्राला कलाकृतीच मानतो. अडचण पुढे येते. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्यातील प्रताधिकार त्या नक्षीचे नग यांत्रिक पद्धतीने पन्नासांपेक्षा अधिक निघाले की संपतो. यंत्रमागावर पन्नास चादरींना किती वेळ लागतो, हे आपण जाणता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे २००९ मध्ये सोफ्याच्या कापडावरील नक्षीचा असाच वाद आला होता. ही चित्रे आमची कलाकृती आहे, असा दावेदार कंपनीचा युक्तिवाद होता. कापडावर उतरवण्यासाठीच केलेली नक्षी ही डिझाइन आहे, तिला संरक्षण हवे असेल तर डिझाइन म्हणूनच नोंदवायला हवे होते, असे सांगून न्यायालयाने तो अमान्य केला. चित्रकाराची कलाकृती साठ वर्षे आणि विणकराची नक्षी पन्नास नगांपुरती, हे मला व्यक्तिशः न्याय्य वाटत नाही, तरीही आज कायदा असा आहे आणि आपल्याला त्यातूनच वाट काढायची आहे.

ती वाट डिझाइन अधिनियम, २००० मधून जाते. नक्षी नवी हवी आणि ती बाजारात येण्यापूर्वी, कोणत्याही प्रदर्शनात किंवा व्हॉट्सअॅपच्या गटात फिरण्यापूर्वी अर्ज व्हायला हवा. माल विकला गेल्यानंतर नोंदणी मागता येत नाही, आणि आपल्या मोराच्या बाबतीत हीच गोष्ट हातून निसटली आहे. नोंदणी झाली, की दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. त्या काळात कोणी नक्कल केली, तर नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम यांसाठी जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. पारंपरिक मोर, कमळ किंवा देवळाची कमान यांवर मक्तेदारी मिळणार नाही. आपण त्यांची जी नवी मांडणी केली असेल, तिलाच संरक्षण मिळेल.

मालकी कोणाची, याचे उत्तर आपल्याला रुचणार नाही. दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन नक्षी तयार केली असेल, तर डिझाइनच्या कायद्यात मालक तो दुसरा मनुष्य ठरतो. म्हणजे नगाप्रमाणे पैसे घेऊन दिलेल्या नक्षीचा मालक कारखानदार. यावर उपाय आहे आणि तो काम सुरू होण्यापूर्वी करायचा असतो. आपल्या बिलावर किंवा साध्या पत्रावर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यावे की, ही नक्षी अमुक कारखान्याला अमुक वर्षांसाठी वापरण्यास दिली आहे आणि मालकी नक्षीकाराची आहे. त्यानंतर नोंदणीचा अर्ज आपल्या नावाने करावा. कारखानदाराच्या नावाने करायचे ठरले, तर नगामागचा दर त्या हिशेबाने वाढवून मागावा. मालकी देणे आणि वापर देणे यांची किंमत एक असू शकत नाही.

आपण पत्राच्या शेवटी भौगोलिक मानांकनाविषयी विचारले आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंची तशी नोंद आहे. ती त्या नावाचे रक्षण करते. दुसऱ्या गावी विणलेल्या चादरीला सोलापुरी म्हणून कोणी विकू नये, यासाठी ती आहे. १९९९ च्या त्या कायद्याप्रमाणे असे मानांकन कोणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, की त्याचा परवाना देता येत नाही, कारण ते त्या भूमीतील सर्व उत्पादकांचे असते. आपल्या मोराची नक्कल सोलापुरातच विणली गेली असल्याने त्या कायद्याचा आपल्याला येथे उपयोग होणार नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याने तिचा फोटो आम्हाला न विचारता आपल्या दुकानाच्या जाहिरातीच्या फ्लेक्सवर लावला. विचारले तर म्हणतो, फोटो मी काढला, कॅमेरा माझा, हक्क माझा. (जुळे सोलापूर)

उत्तर : एरवी छायाचित्रकाराचे म्हणणे बरोबर ठरले असते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक त्याने स्वतःहून टिपली असती, तर त्या छायाचित्राचा मालक तोच. परंतु पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक कलम १७ च्या खंड (ख) प्रमाणे काम सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे या छायाचित्रांचे मालक आपण आहात. मेमरी कार्ड त्याचे, चित्राचा हक्क आपला. त्याने दिलेली पावती मात्र उलटून पाहावी. मागे बारीक अक्षरात 'छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्याचा अधिकार राहील' असे काही असेल आणि त्यावर आपली सही असेल, तर चित्र बदलते. तसे नसल्यास फ्लेक्स काढण्याची लेखी मागणी करावी आणि मुलीच्या खासगीपणाचा मुद्दा त्यातच नोंदवावा. बहुतेक वेळा एवढ्याने फ्लेक्स उतरतो.

प्रश्न : रेल्वे लाइन्स भागातील एक जुना बंगला आम्ही रीतसर नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. दिवाणखान्याच्या भिंतीवर सिद्धेश्वर तलावाचे मोठे रंगचित्र आहे, ते पूर्वीच्या मालकांनी एका चित्रकाराकडून काढून घेतले होते. आम्हाला तेथे दार काढायचे आहे. चित्रकार आता वृद्ध आहेत. चित्राला हात लावू नका, नाहीतर न्यायालयात जाईन, असा निरोप त्यांनी पाठवला आहे. घर आमचे की नाही?

उत्तर : घर आपलेच आहे आणि भिंतही आपलीच आहे. परंतु एका भिंतीवर तीन जणांचे तीन वेगळे हक्क असू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचले नसते. खरेदीखताने भिंत आपल्याकडे आली. चित्र पैसे देऊन काढून घेतले असल्याने त्याचा प्रताधिकार पूर्वीच्या मालकांचा झाला होता, आणि खरेदीखतात तसा उल्लेख नसेल, तर तो आजही त्यांच्याकडेच आहे. म्हणून त्या चित्राची दिनदर्शिका छापायची झाली, तर आपल्याला त्यांची परवानगी लागेल. चित्रकाराकडे प्रताधिकार नाही, तरीही कलम ५७ मधील विशेष हक्क त्यांच्याकडेच राहिला आहे. कलाकृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण करून कलावंताच्या लौकिकाला बाध आणल्यास तो या हक्काने दाद मागू शकतो.

दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याचे काही भाग गहाळ झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले शिल्प सहगल यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. दुसऱ्या बाजूला, प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स ही वास्तू २०१७ मध्ये पाडली गेली, तेव्हा तिचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी दाद मागितली. त्यावर त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले की, जागेच्या मालकाला आपली इमारत पूर्णपणे पाडण्यापासून वास्तुरचनाकार रोखू शकत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ ने मालमत्तेचा जो हक्क दिला आहे, तो तेथे वरचढ ठरला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, पण तो संविधानातून गेलेला नाही, हे यावरून लक्षात येईल.

आपले प्रकरण या दोहोंच्या मध्ये आहे. अर्धे चित्र तोडून दार काढले आणि उरलेला भाग चित्रकाराच्या सहीसह तसाच ठेवला, तर आपण सर्वांत कच्च्या बाजूला जाल, कारण ते सरळ विद्रूपीकरण होईल. दार दुसऱ्या भिंतीत काढता येत असेल, तर तेथेच काढावे. नाइलाज असेल, तर चित्रकारांना लेखी कळवून मुदत द्यावी, त्यांना चित्राची उत्तम छायाचित्रे घेऊ द्यावीत, गिलाव्यासह ते काढून नेणे शक्य असल्यास तशी संधी द्यावी आणि मगच संपूर्ण चित्र उतरवावे. निरोपाला निरोप पाठवण्याऐवजी आपण स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावे. ज्या भिंतीसमोर त्यांनी महिनोन्‌महिने काम केले, ती एकदा पाहायला त्यांना बोलावले, तर अर्धी कटुता तेथेच ओसरेल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला साने गुरुजींचे निवडक लेखन आणि सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या काही लावण्या एका पुस्तिकेत छापायच्या आहेत. परवानगी कोणाची घ्यावी?

उत्तर : मूळ लेखनासाठी कोणाचीही नाही. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या लेखनावरील अधिकार १९९१ अखेर संपत आला, त्या सुमारास ती साठ करण्यात आली. राम जोशी तर पेशवाईतील, तेव्हा त्यांच्या रचनांबाबत प्रश्नच उद्भवत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. लावण्या आधुनिक संपादकाच्या पुस्तकातून घेत असाल, तर त्याची प्रस्तावना आणि टीपा त्याच्या आहेत, त्या उचलू नयेत. आणि पुस्तिकेबरोबर गायलेली लावणी देणार असाल, तर त्या ध्वनिमुद्रणाचा साठ वर्षांचा अधिकार वेगळा असतो.

प्रश्न : विकत घेतलेली पुस्तके वाचून झाल्यावर विकली, तर तो गुन्हा ठरतो का?

उत्तर : नाही. विकत घेतलेली प्रत आपली आहे. ती विकावी, कोणाला द्यावी, वाचनालयाला भेट द्यावी. तिची नक्कल छापून विकणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

प्रश्न : माझा कथासंग्रह जून २०१६ मध्ये पुण्यातील एका प्रकाशकाने काढला. त्यांनी दिलेल्या एका पानावर 'पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' एवढेच लिहिले होते, त्यावर मी सही केली. मला एकदाच मानधन मिळाले. त्यानंतर मला न सांगता आणखी आवृत्त्या निघाल्या आणि आता त्याच कथा मोबाइलवर ऐकण्यासाठी उपलब्ध आहेत. सही केली म्हणजे सर्व संपले, असे घरचे म्हणतात. (बार्शी)

उत्तर : ताई, काहीही संपलेले नाही. आपल्या पत्रातला संकोच मला ओळखीचा आहे. माझी पहिली कायदाविषयक पुस्तिका निघाली, तेव्हा प्रकाशकाने पुढे केलेल्या छापील कागदावर मीही अशीच सही केली होती आणि दुसरी आवृत्ती मला एका दुकानाच्या मांडणीवर दिसली. नवे पुस्तक निघते आहे, या आनंदात माणूस अटी वाचत नाही, आणि बहुधा हे ओळखूनच कलम १९ लिहिले गेले असावे.

या कलमाप्रमाणे हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता समजावा. आपल्या कागदात 'कायमचे' किंवा 'प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द नसतील, तर प्रकाशकाचा अधिकार जून २०२१ मध्ये संपला आणि सर्व हक्क आपोआप आपल्याकडे परत आले. त्यानंतर निघालेली प्रत्येक आवृत्ती विनापरवाना आहे. पाच वर्षांच्या आत निघालेल्या आवृत्त्यांवर मानधनाचा दर ठरला होता की नाही, हे त्या पानावर पाहावे लागेल. कायद्याने हस्तांतराच्या लेखात मानधनाचा उल्लेख अपेक्षित धरलेला आहे, त्यामुळे तो नसणे ही प्रकाशकाच्या कागदातील उणीव आहे.

कथा ऐकवण्याबाबत २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये एक परंतुक घातले आहे. हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते लेखात स्पष्टपणे नमूद केलेले असल्याशिवाय हस्तांतरात येत नाही. २०१६ मध्ये बोलकी पुस्तके मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही, म्हणून केवळ या परंतुकावर विसंबू नये. आपला मुख्य आधार पाच वर्षांचाच ठेवावा.

प्रथम त्या पानाची प्रत मागवून घ्यावी किंवा आपल्याकडील शोधावी. हाती लागतील त्या सर्व आवृत्त्यांचे मुखपृष्ठ आणि आतले छपाईच्या तपशिलाचे पान यांची छायाचित्रे काढावीत, ध्वनिपुस्तकाचे पान तारखेसह जपून ठेवावे. नंतर वकिलामार्फत नोटीस पाठवून तीन मागण्या कराव्यात : छपाई आणि ध्वनिप्रसारण थांबवणे, प्रत्येक आवृत्तीच्या प्रतींचा हिशेब देणे आणि जून २०२१ नंतरच्या विक्रीची भरपाई. भरपाईच्या दाव्याला प्रत्येक उल्लंघनापासून तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांसाठी उशीर करू नये. दावा करण्याची वेळ आली, तरी पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जेथे राहते, तेथील जिल्हा न्यायालयातही असा दावा चालतो, म्हणजे तो आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येईल. नोटिशीचा मसुदा तयार झाल्यावर तो या पत्त्यावर पाठवल्यास मी पाहून देईन. मूळ कागद मात्र टपालाने पाठवू नये, छायाप्रत पुरेशी आहे.